चष्मा काढून बघा

"आत्याला चहा कडकच लागायचा," दादा म्हणाला.

लागायचा! मी हातातला कप असा आपटला की अर्धा चहा बशीत आला. "लागतो म्हण," मी म्हणाले. "ती हरवली आहे. मेलेली नाही."

"अगं, तोंडातून गेलं."

"तोंडातून जातं ते आधी मनात येऊन गेलेलं असतं."

दादा माझा थोरला भाऊ. माणूस वाईट नाही. पोलीस ठाण्यात खेटे त्यानेच घातले, दवाखाने त्यानेच पालथे घातले, खांबाखांबावर पोस्टरं त्यानेच डकवली. पण आता त्याने हातपाय गाळले होते. "आपल्याकडून होतं ते सगळं केलं," असं तो येता-जाता म्हणायला लागला होता, आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सगळं केलं म्हणजे काय? आत्या घरी आली का? नाही ना? मग कसलं सगळं?

आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. वडील त्याआधीच गेलेले. आत्याने आम्हा दोघांना घरी आणलं आणि भरतकामावर वाढवलं. जाळीच्या कापडावर चौकोन मोजून फुलीचे टाके घालायचे, त्यातून पोपट, फुलं, घरं, काय वाटेल ते उमटवायचं. जीभ मात्र सुईहून तिखट. ती दादाला थोरला म्हणते आणि मला धाकटी. आमची खरी नावं तिने शाळेच्या दाखल्यापुरती ठेवली.

टाके घालून झाले की आत्या कापड समोरच्या भिंतीला टाचणीने लावायची, चष्मा काढायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघत उभी राहायची. "जवळून नुसते टाके दिसतात," ती म्हणायची. "चित्र बघायचं तर चष्मा काढून बघ. डोळ्यांना धूसर दिसलं की चूक आपोआप बाहेर येते." माझी चूक हमखास बाहेर यायची, कारण माझी खोड एकच. कापड दुमडून त्याचा मध्य काढायचा आणि तिथून सुरुवात करायची, हा तिचा नियम. मला कुठला धीर! मी वरच्या डाव्या कोपऱ्यातून जी सुटायचे ती सुटायचेच. मग पोपटाची चोच एक घर सरकायची.

"आली बघ बाईसाहेबांची घाई. उसव."

"अगं, कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना? उसव!"

गेल्या वर्षापासून ती विसरायला लागली होती. दूध ठेवून विसरणं मीही करते, पण ही दूध ठेवलंच नाही म्हणून भांडायची. कधी लहानपणचं गाव सांगायची, कधी शेजारणीला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. तरी टाका मात्र कधी चुकला नाही. त्या दुपारी ती टेबलक्लॉथ भरत होती. भिंतीला लावला, चष्मा काढला, बघितलं, आणि लाल दोरा संपलाय म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानात पोचलीच नाही. चष्मा तसाच टेबलावर राहिला. तेव्हापासून तो माझ्या पर्समध्ये आहे.

पोस्टरवर जो फोटो होता तो बघून तर मलाच आत्या ओळखू आली नसती. आत्याला फोटोचा तिटकारा. कॅमेरा दिसला की पाठ फिरवणार, नाहीतर पदर तोंडावर घेणार. शोधून शोधून सापडला तो ओळखपत्राचा, पंधरा वर्षांपूर्वीचा. गुबगुबीत गाल, काळे केस, आणि कुणीतरी मानगूट धरून बसवल्यासारखा चेहरा. आताची आत्या म्हणजे काडी. केस कापसासारखे. पोस्टरं वाचून लोक भलत्याच बाईला शोधत होते.

मी औषधांच्या दुकानात बिलं करते. मालक मागच्या जन्मी कंजूष म्हणून मेले असणार, कारण आमच्याकडचं बिलाचं यंत्र अजून सुया टोचून छापणारं आहे. कर्र कर्र करत अक्षर अक्षर उमटवतं. त्यावर चित्र येत नाही, फोटो येत नाही. अक्षरं, आकडे आणि खुणा, एका ओळीत चाळीस, बस्स. बिलाच्या तळाशी मात्र आपल्याला हवा तो मजकूर टाकता येतो. आमच्याकडे तिथं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं होतं.

त्या तळाच्या ओळीत मी आधी सरळ लिहिलं की अशी अशी वृद्ध बाई हरवली आहे, दिसल्यास या नंबरवर कळवा. कुणी वाचलं नाही. बिलाचा तळ कोण वाचतं? तुम्ही वाचता? पण चेहरा दिसला तर माणूस थबकतो. आणि आमचं बिल घरोघर जातं. औषधाच्या पिशवीतून थेट म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी जातं. हे डोक्यात आलं आणि मग मला दुसरं काही सुचेना.

फोटोची अक्षरं करून देणाऱ्या वेबसाइट ढीगभर आहेत. गडद जागी भरीव खूण, उजळ जागी टिंब, कोरी जागा असेल तिथं काहीच नाही. मी ओळखपत्राचा फोटो टाकला आणि निघालेलं चित्र बिलाच्या तळाशी चिकटवून छापलं. अरे देवा! चित्र होतं शंभर अक्षरं रुंद. यंत्राने प्रत्येक ओळ तोडून तोडून खाली ढकलली. एक डोळा कपाळावर, दुसरा हनुवटीखाली. मग चाळीसच्या मापाचं करून घेतलं, तर चेहरा दुधीभोपळ्यासारखा लांब, कारण अक्षर रुंदीपेक्षा उंच असतं. त्याहून कहर म्हणजे सगळं उलटं. ती वेबसाइट काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धरून चालणारी. कागदावर काळे केस पांढरे झाले आणि गोरे गाल काळेठिक्कर.

दादाने ते हातात धरलं. "ही आत्या? ही तर आत्याची भुताटकी."

"मग तू करून दाखव."

"मी कशाला करू? वेडेपणा आहे हा. पोलीस शोधतायत ना?"

"पोलिसांनी तिच्या हातची फोडणी चाखलीय का? का तिच्या शिव्या खाल्ल्यात? त्यांना काय ठाऊक आत्या कशी दिसते!"

बोलून गेले आणि तिथंच मला कळलं. यंत्रालाही ठाऊक नाही. ठाऊक आहे मला. आणि चौकोन मोजून चित्र उठवायला मला कुणी शिकवलं होतं?

रविवारी जेवणं झाल्यावर आत्याचा चौकटीचा कागद काढला. चाळीस घरं रुंद, उंचीला थोडी कमी, म्हणजे चेहरा लांबट होणार नाही. ओळखपत्राचा फोटो समोर ठेवला आणि त्यातलं जे खोटं झालं होतं ते सगळं बदललं. केसांच्या जागी नुसती टिंबं. गालांत खड्डे, तिथं अधिकच्या खुणा. डोळ्यांखाली ओढलेल्या रेघा. भुवया जाड, कारण रागावली की आधी भुवया बोलतात. हनुवटीवरचा तीळ म्हणजे एक चांदणी. वेबसाइटने तो धूळ समजून पुसला होता. मेली धूळ! त्या तिळावर आम्ही दोघं लहानपणी बोट ठेवून झोपायचो.

करता करता रडू येत होतं आणि रागही येत होता. रडायला वेळ नव्हता म्हणून रागावर काम चालवलं. संध्याकाळी कागद भिंतीला लावला आणि खोलीच्या टोकाला जाऊन डोळे बारीक केले. भिंतीवरून आत्या माझ्याकडे बघत होती, आता शिवी घालेल की मग घालेल अशी.

दादा दारात आला. त्यानेही डोळे बारीक केले. मग म्हणाला, "नाक जरा वाकडं झालंय गं."

"तू नाक खुपसू नकोस," मी म्हणाले. वाकडं वगैरे काही नव्हतं. निदान मला तरी दिसत नव्हतं.

चित्राखाली लिहिलं: "बिल लांब धरा. चष्मा असेल तर काढून बघा. ही बाई दिसली तर फोन करा." आणि माझा नंबर.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या कागदावरची एकेक खूण बिलाच्या तळाशी टाइप केली. पहिलं बिल निघालं ते कर्र कर्र करत निघतच राहिलं. मालक औषधांच्या कपाटामागून धावत आले. "यंत्र बिघडलं का?"

"नाही. माझी आत्या आहे."

त्यांनी बिल डोळ्याला लावलं. "कुठं आत्या? ही तर फुल्या नि टिंबं."

"लांब धरा."

"बाई, हे औषधाचं दुकान आहे, चित्रशाळा नाही. कागद किती जातोय! गिऱ्हाईक ताटकळतंय!"

"मग काढून टाकते," मी म्हणाले. "फक्त आजपासून बिलं तुम्ही करा. मी पोस्टरं चिकटवत फिरते."

मालकांना बिलाच्या यंत्राची भीती वाटते. एकदा त्यांनी एका गोळीच्या पाकिटाचं बिल करताना अख्ख्या कपाटाचं करून ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. "कागदाच्या रिळांचा हा खोका संपेपर्यंत," ते म्हणाले. "पुढे एक दिवस नाही."

गिऱ्हाइकांचं काय सांगू! एकाला वाटलं शाई सांडली. एकाला वाटलं सवलतीचं कूपन आहे, त्याने मला दोन टक्के मागितले. एक गृहस्थ म्हणाले, यात ज्या खुणा आहेत त्यांचा अर्थ काय, कोडं आहे का? मी प्रत्येकाला सांगायची, लांब धरा, डोळे बारीक करा. काहीजण करायचे, आणि मग "अरेच्चा!" म्हणून पुन्हा जवळ घ्यायचे, पुन्हा लांब धरायचे. पण "अरेच्चा" म्हणून आत्या मिळत नाही. फोन यायचे ते दुकान किती वाजता उघडतं हे विचारायला.

सगळ्यांत डोक्यात जायची ती निळ्या छत्रीवाली. ऊन असो, पाऊस असो, छत्री उघडीच. बसस्टॉपवर जाण्याआधी आमच्याकडे यायची आणि पिशवीभर गोळ्या न्यायची. मला वाटायचं, घरात चार-पाच म्हातारी माणसं असतील बिचारीच्या. स्वभाव मात्र खाष्ट.

"तुमच्या बिलाला हे शेपूट कशाला?" ती म्हणायची. "मला फाईलला लावावं लागतं. फाईलीत मावत नाही."

"ताई, माझी आत्या हरवली आहे. एकदा लांबून बघा तरी."

"मला बस गाठायची आहे," म्हणून ती माझ्यासमोर बिलाचा तळ टर्रकन फाडायची आणि काउंटरवर ठेवून जायची. आत्याचा चेहरा माझ्याकडे बघत पडून राहायचा. असं प्रत्येक खेपेला. मी दात-ओठ खाऊन तो चेहरा उचलायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत सरकवायची. मला हार मानायचीच नव्हती. तिने शंभरदा फाडावं, मी शंभरदा छापीन.

खोका संपत आला. रीळ संपायला आलं की कागदाच्या कडेला गुलाबी रेघ येते. खोक्यातल्या शेवटच्या रिळाला ती रेघ आली तेव्हा मालक मुद्दाम माझ्याकडे न बघता बाटल्या पुसत होते. मी यंत्राला सांगितलं, हळू चल बाबा. दादाचा फोन आला. "आज संपतंय ना? आता सोड. मनाची तयारी कर."

"माझी तयारी आहेच," मी म्हणाले. "उद्या मी कागद विकत आणणार आहे."

त्याच दिवशी छत्रीवाली घाईत होती. बस समोर उभी होती. तिने बिल, गोळ्या सगळं एकत्र पिशवीत कोंबलं आणि पळाली. शेपूट फाडायचं राहून गेलं.

दुपारी दुकानात शुकशुकाट असताना माझा फोन वाजला. मी म्हणाले, "दुकान रात्रीपर्यंत उघडं असतं."

"अहो, मी छत्रीवाली. तुमच्या बिलाचं शेपूट फाडणारी." तिचा आवाज भलताच होता. "मी वृद्धाश्रमात परिचारिका आहे. बसच्या शेवटच्या थांब्यापाशी. तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्या आत्याबाई भरतकाम करतात का?"

"करते," मी म्हणाले. "चौकोन मोजून."

"आमच्याकडे एक आजी आहेत," ती सांगू लागली. "बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडल्या. स्वतःचं नाव भलतंच सांगतात, गाव विचारलं तर कुठलंतरी, जिथं त्या नावाचं कुणीच नाही. पोलिसांना कळवलं, पण त्या नावाने कुणी शोधतच नव्हतं. आज मी गोळ्या काढताना बिल त्यांच्या पलंगावर पडलं. मी फाडायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. बिल हात लांब करून धरलं आणि म्हणाल्या, हे आमच्या धाकटीचं काम."

मी फोनचा स्पीकर लावला.

"मी म्हटलं, आजी, कसलं काम, या नुसत्या खुणा आहेत. तर मला म्हणतात, डोळे फुटले का तुझे? नाक बघ, एक घर सरकलंय. कितीदा सांगितलं कार्टीला, मधून सुरू कर, तर कोपऱ्यातून सुटते. उसव म्हणावं." ती थांबली. "मग मी पण लांब जाऊन बघितलं. माझा चष्मा काढून बघितलं. आणि बाई, माझ्या अंगावर काटा आला. आजीच होत्या त्या. कितीदा फाडलं हो मी त्यांना. माफ करा मला."

"तुमच्या तोंडात साखर पडो," मी म्हणाले.

मालकांनी सगळं ऐकलं होतं. "पळा तुम्ही," ते म्हणाले. "यंत्रावर मी बसतो." आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाघाच्या पिंजऱ्यात निघालेल्या माणसाचे भाव होते.

दादा स्कूटर घेऊन आला. वाटेत नुसता सिग्नलला सिग्नलला डोळे पुसत होता, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

ती खिडकीपाशी बसली होती. कुणाचातरी मोठा स्वेटर अंगात, केस बारीक कापलेले, मांडीवर बिल. दादा दारातच थांबला. त्याला आत पाऊल टाकवेना. मी जाऊन तिच्यापुढे खाली बसले. तिने माझ्याकडे बघितलं, पण बघितलं ते धुक्यातल्या माणसाकडे बघावं तसं. ओळख नव्हती. इतके दिवस मी जी भीती वाटून घेतली नव्हती ती तेव्हा वाटली.

"हे कुणी केलं?" तिने बिल पुढे केलं.

"मी."

"नाक उसव."

"उसवते, आत्या."

"मधून सुरू करायचं. मध्य आधी काढायचा."

"हो गं. चुकलं माझं."

मी पर्समधून चष्मा काढला, पदराने पुसला आणि तिच्या नाकावर ठेवला. त्या न सरकलेल्या, सरळ नाकावर. तिने काड्या कानामागे सारख्या केल्या आणि आधी बिलाकडेच बघितलं. जवळ धरलं, लांब धरलं, उलटं केलं.

"हे काय?" ती वैतागली. "नुसत्या फुल्या नि टिंबं. आत्ता इथं एक बाई होती, ती कुठं गेली?"

मग तिने मान वर केली. माझ्या कपाळाकडे बघितलं, डोळ्यांकडे, हनुवटीकडे, चौकोन मोजत असल्यासारखं, एकेक.

"धाकटे," ती म्हणाली. "किती वाळलीस गं मेले. जेवत नाहीस का?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि जे इतके दिवस रागावर भागवलं होतं ते सगळं तिथं ओतलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होती माझ्यावरून दाराकडे.

"आणि तो थोरला तिथं दार धरून काय उभा आहे? रडायला काय झालं त्याला? जा म्हणावं, चहा सांग."

छत्रीवाली लगबगीने उठली. "मी आणते आजी. साखर किती घालू?"

"साखर बेताचीच," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता, तरी बोलला अगदी स्पष्ट. "पण कडक करा. तिला चहा कडक लागतो."